साच्यात अडकलेली गाडी

लोखंडाचं काम करणाऱ्या माणसाला केक करायला सांगितल्यावर दुसरं काय होणार? त्यानं आधी टेप काढला.

मनकर्णाबाई ओट्यावर चहाची बशी घेऊन बसल्या होत्या आणि समोरच्या शेडमध्ये आपला धाकटा लेक, कल्याण, जमिनीवर खडूनं काय गिरगटतोय ते बघत होत्या. त्याच्या हातची फाटकं अख्ख्या पारनेर तालुक्यात लागलेली. ट्रॉल्या केल्या, मंदिराचे कठडे केले, कुणाच्या तरी पाळलेल्या पोपटाला पिंजरासुद्धा करून दिला. केक मात्र पहिलाच.

"कुनाच्या फाटकाचं माप हाय रं?" त्यांनी विचारलं.

"केकचं."

"केकला टेप लागतो व्हय?"

"आकार हाय ना आई त्याला. रेसिंग कार म्हंत्यात. म्होरं निमुळती, आन् मागं पंखा असतो."

"पंखा? गरम व्हतंय का आत?"

"तसला न्हाई. आडवी पट्टी असती. गाडी उडू नये म्हनून वारा दाबून धरती."

"उडायची येळ येईस्तोवर पळवायचीच कशाला मग," मनकर्णाबाई म्हणाल्या. पण बशी खाली ठेवून त्या शेडच्या दारापर्यंत आल्याच. पंखा नेमका कुठं येणार, हे त्यांनाही बघायचं होतं.

आता हे केकचं खूळ आलं कुठून? तर ज्ञानेश्वरीकडून. कल्याणची बायको पूजा, तिची पहिल्या घरची मुलगी. आज सहा पुरी होऊन सातवं लागलं. माघात कल्याणचं आणि पूजाचं लग्न झालं, तेव्हापासून पोरगी या घरात होती. खायची, झोपायची, विचारलं तर "हं" नाहीतर "न्हाई" म्हणायची. पण स्वतःहून कल्याणला तिनं कधी काही विचारलं नव्हतं, की हाक मारली नव्हती. जेवायला बोलवायला पाठवली, तर त्याच्याजवळ जाऊन नुसती उभी राहायची. तो मान वर करीपर्यंत उभीच. आणि मागल्या आठवड्यात अचानक शेडच्या दारात येऊन म्हणाली, "तुमी रेसिंग कार करता का? केकची?"

कल्याण म्हणाला, "करतो की." आणि मग पूजाला शोधत घरात गेला आणि केक कशाचा करतात ते विचारलं.

मोठी सून अश्विनी पहिल्यापासून या बेताच्या विरुद्ध. तशी ती पूजाच्या येण्याच्याच विरुद्ध होती. लेकुरवाळी कशाला करायची, म्हणून तिनं लग्नाआधी चांगलं तोंड सोडलं होतं. आताही मैद्याची पिशवी घेऊन ती बाहेर आली ती कुरकुरतच.

"आत्या, मी म्हंते, पारनेरात बेकरीत सांगितलं असतं तर बिनअंड्याचा, पाहिजे त्या आकाराचा मिळाला असता. हे भावजी बसल्यात पत्रा कापीत."

कालपर्यंत मनकर्णाबाईही हेच म्हणत होत्या. पण आज त्या एकदम फिरल्या.

"तिनं बेकरीवाल्याला इचारलं का?" त्या म्हणाल्या. "कल्याणला इचारलं ना? मग कल्याण करंल."

अश्विनीनं पिशवी काखेत मारली. मग दोन पावलं पुढं येऊन म्हणाली, "भाजनार कशात पर? येवढा लांब साचा. लॉकडाऊनमधी मी कुकरात केल्ता, तो वितभर हुता."

कल्याणनं बोटानं दाखवलं. पाण्याचा जुना बॅरल उभा चिरून त्याचे दोन आडवे वाटे केले होते. एकात वाळू, दुसरा वरून झाकण, खाली इंगळ. अश्विनीनं वाकून वाळू मुठीत घेतली, बोटांमधून सोडली.

"चाळली का?"

"चाळलीय."

"मीठ टाका थोडं वाळूत. उष्णता धरतंय," ती म्हणाली आणि मैद्याची पिशवी घेऊन बसलीच तिथं. विरोध तिचा अजून होता, पण वाळू कमी पडलेली तिला चालणार नव्हती.

साचा मात्र बघण्यासारखा झाला होता, हे मान्य करायलाच हवं. गोडेतेलाचे रिकामे डबे गरम पाण्यानं खळखळून धुऊन, उलगडून, ठोकून सपाट केले आणि त्यातून कल्याणनं गाडी उभी केली. निमुळतं नाक, दोन्ही अंगाला फुगीर पोट, मध्ये बसायची जागा. पीठ आत ओतायचं, भाजून झालं की साचा उलटा करायचा, की गाडी ताटात. जोडाला कथलाचा डाग दिला नव्हता, सगळं दुमडून रिबिट मारलेलं. मनकर्णाबाईंनी कडेवरून हात फिरवला. कुठं धार म्हणून लागली नाही.

"झकास," त्या म्हणाल्या.

त्या वेळी त्या साच्याकडे तीन माणसांनी निरखून बघितलं आणि एकाच्याही डोक्यात जे यायला हवं होतं ते आलं नाही.

*

पूजा आत गॅसपाशी खवा परतत होती. खरं तर परतायची गरज नव्हती. खवा गावातून चांगला मऊ आणला होता. पण हाताला काहीतरी चाळा पाहिजे होता.

दुपारपर्यंत मामा येणार होते. मामा म्हणजे आप्पासाहेब, तिचे पहिले सासरे, खर्ड्याचे. रामहरी, त्यांचा एकुलता लेक, ऊसतोडीच्या हंगामात कारखान्यावर ट्रॅक्टर चालवायचा. तिथंच ताप आला, डोक्यात गेला, आणि दवाखान्यातून माणूस परत आला नाही. वर्ष उलटल्यावर याच आप्पासाहेबांनी सुनेसाठी स्थळं बघायला सुरुवात केली. भावकी तोंडात बोटं घालत होती. म्हाताऱ्यानं कुणाला जुमानलं नाही. कल्याणला स्वतः येऊन बघून गेले, आणि लग्नात पूजाच्या बापाच्या जागी स्वतः उभे राहिले.

फक्त एक अट घातली. "लेकरू उन्हाळाभर राहू द्या तुमच्यात. शाळा सुरू व्हायच्या आत मी येईन. रमलेलं दिसलं तर ठेवा. न्हाई दिसलं तर माझ्या रामहरीची निशाणी मी घेऊन जाईन." पूजानं मान हलवली होती. ज्या माणसानं तिला बापाच्या मायेनं दिली, त्याला नाही कसं म्हणणार? आणि तेव्हा माघ होता. उन्हाळा लांब वाटत होता.

मध्ये एकदा फोनवर ज्ञानेश्वरी म्हणाली, "आप्पा, करमत न्हाई." एवढंच. पण म्हाताऱ्यानं ते धरून ठेवलं. परवा फोन आला. "वाढदिवसालाच येतो. लेकराला संगंच न्यावं म्हंतो. तिच्या आजीनं, भागूबाईनं, तिची जागा झाडून ठिवलीय."

पूजानं हे कल्याणला सांगितलं तेव्हा त्यानं आधी ताटातली भाकरी संपवली. मग म्हणाला, "तिला जायचं आसंल तर मी आडवा येनार न्हाई. तू बी येऊ नको." आणि उठून शेडमध्ये जाऊन डबे ठोकायला लागला.

आणि हे सगळं चालू असताना पोरीनं मागितलं काय, तर रेसिंग कार! का? घरात प्रत्येकाचा वेगळा अंदाज. मनकर्णाबाई म्हणत, टीव्हीवर बघितली. अश्विनी म्हणे, मोबाईल, दुसरं काय. मोठे दीर गोरक्षनाथ बैलगाड्याच्या शर्यतीचे शौकीन; त्यांचं म्हणणं, "यात्रेला शर्यतीच्या घाटात नेली हुती ना मी, तवापास्नं तिला याड लागलंय." पूजाचा अंदाज मात्र तिच्यापाशीच होता. रामहरी घरी आला की पोरीला मांडीवर घेऊन तोंडानं घर्रर्र आवाज काढायचा, ताटलीचं स्टिअरिंग करायचा. तेच असणार. दुसरं काय असणार? आणि आज मामांच्या समोर तिनं पप्पांचं नाव काढलं, की संपलंच. मग म्हातारा थांबणार नाही आणि त्याला थांबवायला पूजाचं तोंड उघडणार नाही.

म्हणून तिनं विचारलंच नाही. बाकीच्यांनी का विचारलं नाही, ते त्यांनाच ठाऊक. सहा वर्षांच्या पोरीला "तुला ही का पाहिजे गं?" एवढं विचारायला काही मुहूर्त लागत नव्हता. पण घरात नवं आलेलं लेकरू म्हणजे जरा जपून. अख्खं घर तिच्याभोवती चवड्यांवर चालत होतं.

बाहेरून ज्ञानेश्वरीचा आवाज आला आणि पूजा चमच्यासकट खिडकीत गेली.

"वाळू जळती का?"

"न्हाई. नुसती तापती," कल्याण म्हणाला. साचा बॅरलमध्ये गेला होता, झाकण बसलं होतं. तो विटेवर बसला होता आणि पोरगी त्याच्यासमोर उकिडवी.

"मंग केक कामून जळत न्हाई?"

"वाळू सावकाश ऊब देती. दमादमानं."

"आत अंधार हाय?"

"हाय की."

"मंग केकला कसं कळतं फुगायचं?"

कल्याणनं डोकं खाजवलं. पूजाला खिडकीत हसू आलं.

"सोडा टाकलाय ना मम्मीनं," तो म्हणाला. "सोडा सांगतो त्याला, चल ऊठ."

"सोड्याला कोन सांगतं?"

"ऊब."

"आन् उबेला?"

"ए बाई, मला लोखंडाचं इचार की काहीतरी!"

ज्ञानेश्वरी हसली. मोठ्यानं नाही, पण दात दिसले. मग म्हणाली, "बरं. लोखंड कामून फुगत न्हाई?"

आणि लोखंडही तापलं की फुगतं, नखाएवढं का होईना फुगतंच, हे कल्याण तिला सांगायला लागला. उन्हाळ्यात फाटक अडकतं आणि थंडीत सुटतं ते कसं, हे त्यानं हातवारे करून दाखवलं. पोरीनं डोळे मोठे केले. पूजाला खिडकीतून हलावंसं वाटेना. खवा मात्र खालून लागला.

*

आप्पासाहेब सुपा फाट्यावर एसटीतून उतरले तेव्हा गोरक्षनाथ मोटारसायकल घेऊन उभाच होता. पहाटेच्या गाडीनं खर्डा सोडलेलं, अंग आंबून गेलेलं. मागच्या सीटवर लाडवांचा डबा सांभाळत ते मनातल्या मनात बोलायचं जुळवत होते. 'पूजा, माय, राग मानू नको. तुझा संसार झाला, लई चांगलं झालं. पर लेकराला करमत न्हाई.' एवढं म्हणायचं आणि चहा घेऊन निघायचं. जेवायला थांबायचं नाही. थांबलं की माणूस ढिला पडतो.

गाडी अंगणात थांबली, आणि कुणी "या" म्हणालं नाही.

आप्पासाहेबांना दिसल्या त्या सगळ्यांच्या पाठी. शेडसमोर लाकडी पाटावर पत्र्याचं काहीतरी उलटं घातलेलं आणि त्याच्याभोवती सगळं घर वाकलेलं. कल्याण त्याच्यावर लाकडी हातोडीनं हलकेच ठकठक करत होता. अश्विनी म्हणत होती, "हलवा, हलवा जरा." मनकर्णाबाई म्हणत होत्या, "हलवू नगा, मोडंल."

"काय करायलेत वो सगळे?" आप्पासाहेब म्हणाले.

पूजा दचकून वळली आणि पाया पडायला वाकली. पण आप्पासाहेबांची नजर नातीवर. खर्ड्यात असताना ते शेतातून आले की ही पळत येऊन पायाला मिठी मारायची, चालू द्यायची नाही. आज तिनं मान वर केली, चेहरा उजळला, आणि म्हणाली, "आप्पा, आलात? थांबा हां. केक अडकलाय." आणि परत पत्र्याकडे वळली.

म्हाताऱ्याला ते लागलं. एवढ्या लांबून आलो आणि ही म्हणते, थांबा! पण पुढच्याच क्षणी डबा गोरक्षनाथच्या हातात देऊन तेही पाटाशी उकिडवे बसले. केक अडकतो म्हणजे काय, हे त्यांनी कधी बघितलं नव्हतं.

"तेल लावलं हुतं का आतून?" त्यांनी विचारलं.

"तूप लावलं हुतं, पाव्हणं, चांगलं बोट बोट," मनकर्णाबाई म्हणाल्या आणि मग डोक्यावरचा पदर सारखा करत थबकल्या. "पाव्हणं म्हनू, का व्याही म्हनू? तुमचं आमचं नातं काय म्हनायचं, मला उमगंचना बाई."

"व्याहीच म्हना. पोरगी दिलीय मी तुमाला," आप्पासाहेब म्हणाले. "हे उलटं करा बरं जरा. खालून बघू द्या."

कल्याणनं साचा सुलटा केला. आप्पासाहेबांनी कडेवरून बोट फिरवलं, आत घातलं, आणि थांबले. पत्र्याची कड सगळीकडून आतल्या बाजूला वळवलेली होती. बोटभर रुंद पट्टी, गाडीच्या नाकापासून शेपटापर्यंत, चारी बाजूंनी. वरचं तोंड लहान आणि आतलं पोट मोठं. केक आत फुगून त्या पट्टीखाली पक्का बसला होता.

"आरं बाबा," ते म्हणाले, "ह्यो भाईर निघावा तरी कुठून?"

एकदम सगळ्यांना दिसलं. अश्विनीनं कपाळावर हात मारला. "अगं बया! भावजी, कडा आत कशापायी वळवल्या?"

कल्याणचा चेहरा पडला. फाटकाची, ट्रॉलीची कड तो नेहमी आतच वळवायचा, वरून काही काढायचं नसायचं. पण आज कारण तेवढंच नव्हतं. त्याला सगळ्यांसमोर बोलायची लाज वाटली, तरी बोलला.

"पत्र्याची धार असती ना," तो म्हणाला. "पोरगी सारखी हात लावून बघत हुती. कापलं-बिपलं तर, म्हनून वळवल्या."

आप्पासाहेबांनी कडेवर पुन्हा एकदा अंगठा ओढून बघितला. म्हातारा या घरात उणं शोधायला आला होता, हे त्याला स्वतःला पक्कं माहीत होतं. उणं सापडलंही होतं. केक बाहेर निघत नव्हता. पण ते उणं त्याला कुठल्या तोंडानं दाखवता येईना.

*

"साचा कापावा लागंल," कल्याण म्हणाला.

"मंग गाडी मोडंल," ज्ञानेश्वरी म्हणाली. तिचा ओठ बाहेर आला.

आता हा प्रसंग वाटतो तितका सोपा नाही. एवढ्या वर्षांत कल्याणनं किती गिऱ्हाइकं समजावली असतील, पण हे गिऱ्हाईक वेगळं होतं. तो तिच्यासमोर मांडी घालून बसला.

"साचा मोडंल. गाडी आत हाय."

"ही बी गाडीच हाय ना. तुमी केलेली."

"ही बी हाय."

"मंग कापल्यावर परत जोडाल?"

"जोडीन."

"आजच?"

"आजच. केक खाल्ला की हात धुऊन जोडायला बसतो. आन् आता कडा भाईर वळवतो, पार गोल करून. मग धार बी न्हाई आन् अडकायचं बी न्हाई."

ज्ञानेश्वरीनं विचार केला. तिनं आईकडे बघितलं नाही, आजोबांकडेही नाही. कल्याणच्या तोंडाकडे टक लावून बघितलं, खरं बोलतोय का म्हणून. मग म्हणाली, "कापा."

कात्री पत्र्यात शिरली. जो हात लोखंडावर कधी अडखळत नाही, त्याला आज घाम फुटला. खाली बोटभर अंतरावर मऊ केक. गोरक्षनाथनं एक बाजू धरली, अश्विनीनं दुसरी, आणि मनकर्णाबाई मध्येच "सांभाळून, सांभाळून" करत सगळ्यांना घाबरवत होत्या. पत्रा पाकळीसारखा उलगडत गेला. पोट निघालं. बसायची जागा निघाली. आणि नाक राहिलं पत्र्याला चिकटून.

"गेलं नाक!" अश्विनी ओरडली.

"कुठं जातंय," आप्पासाहेब म्हणाले आणि बाह्या सारून पुढं सरकले. बोटानं टोक टोक करत त्यांनी नाक सोडवलं. दोन तुकड्यांत आलं, पण आलं. "जोडायला काय हाय?"

पूजा धावत खवा घेऊन आली. तळाशी जरा करपलेला, म्हणून तपकिरी झालेला; पण वरचा चांगला मऊ, साखर घालून घोटलेला. भिंतीला गिलावा करावा तसा आप्पासाहेबांनी तो नाकाला थापला. कल्याणनं खालून पोपडा आला तो दाबला. अश्विनी आतून जिलबीचा रंग दुधात कालवून घेऊन आली.

"केशरी हाय गं. लाल न्हाई मिळाला," ती ज्ञानेश्वरीला म्हणाली, आणि आवाजात जरा काळजी होती. मघापर्यंत बेकरीचं घोडं पुढं दामटणारी हीच का ती, असं मनकर्णाबाईंना वाटून गेलं.

"केशरी बी पळती, काकू," ज्ञानेश्वरी म्हणाली.

मग गाडीला काय काय चढलं! क्रीमच्या काळ्या बिस्किटांची चाकं. शेंगदाण्याच्या चिक्कीचा मागचा पंखा. तो सारखा पुढं कलंडत होता, तेव्हा गोरक्षनाथनं मागून दोन शेवयांच्या काड्यांचा टेकू दिला. मनकर्णाबाईंनी विचारलं, वारा आता नेमका कुठून दाबला जाणार, आणि कल्याणनं फुंकर मारून दाखवली तर पंखा पडला. सगळे हसले. आप्पासाहेबही हसले, आणि हसता हसता त्यांनी सहज विचारलं. घरात कुणी जे विचारलं नव्हतं ते, पाण्याचा तांब्या मागावा इतक्या सहज.

"ए ज्ञानू, तुला रेसची गाडीच कामून पाहिजे गं?"

पूजाच्या हातातला खव्याचा चमचा थांबला. कल्याणची मानही वर झाली.

ज्ञानेश्वरी चाक चिकटवत होती. ते घसरत होतं.

"लई जोरात पळती ना," ती म्हणाली. "यस्टीला लई येळ लागतो. खर्डा, मंग जामखेड, मंग नगर, मंग सुपा. मला उलटी हुती. रेसची गाडी असली की उलटी हुयाच्या आत पोचतो."

"कुठं पोचतो?"

"खर्ड्याला. सकाळी बसायचं. आजीसंग भाकर खायाची. शेळीला पाला टाकायचा. तुमच्यासंग हिरीवर जायाचं. आन् अंधार पडायच्या आत घरी यायचं."

"कुन्या घरी?"

विचारू नये ते विचारलं, असं आप्पासाहेबांना लगेच वाटलं. पण शब्द गेला होता.

"घरी," ज्ञानेश्वरी म्हणाली. तिला प्रश्नच कळला नाही असं दिसलं. मग आपल्या चिकट बोटानं तिनं खाली, अंगणाकडे दाखवलं. "हितं. आप्पा, चाक धरा ना. घसरायलंय."

आप्पासाहेबांनी चाक धरलं. खवा घट्ट होईपर्यंत धरून बसले. त्यांच्या बोटाला केशरी रंग लागला, तरी त्यांनी ते काढलं नाही.

कल्याण उठून बॅरलमधले इंगळ विझवायला गेला. ते केव्हाच विझले होते. त्यानं त्यावर पाणी ओतलं आणि पाठमोरा उभा राहिला. त्याला रडू येत होतं आणि लोखंडवाल्यानं आईसमोर, वहिनीसमोर रडायचं कसं, हे त्याला माहीत नव्हतं. मनकर्णाबाईंना त्याची पाठ दिसत होती. त्या निरांजन लावायला आत गेल्या.

औक्षण झालं. मेणबत्ती फुंकायची की नाही, यावर अश्विनी आणि मनकर्णाबाई यांची थोडी बाचाबाची झाली; वाढदिवसाला दिवा विझवायचा नाही म्हणजे नाही, म्हणून मेणबत्ती तशीच संपू दिली. ज्ञानेश्वरीनं पहिली सुरी चालवली ती नाकावर, कारण ते नाहीतरी मोडणारच होतं. पहिला घास आईला दिला, दुसरा आप्पांना. तिसरा हातात घेऊन ती कल्याणजवळ जाऊन उभी राहिली, नेहमीसारखी, काही न बोलता. तो बघेपर्यंत उभी राहील असं सगळ्यांना वाटलं.

"आ करा की," ती म्हणाली.

*

जेवायला थांबायचं नाही म्हणणारे आप्पासाहेब जेवले, वर केकचा आणखी एक तुकडा खाल्ला. खर्ड्याला भागूबाईसाठी पोरीनं डब्यात गाडीचं मागलं चाक बांधून दिलं. शेडमध्ये कल्याण कबूल केल्याप्रमाणे पत्रा ठोकत बसला होता आणि ती त्याच्यासमोर बसून रिबिटं एकेक करून हातात देत होती, प्रत्येक रिबिटामागं एक प्रश्न.

पूजा हात धुवायला पाणी घेऊन अंगणात आली. आप्पासाहेबांनी हात पुढं केले. केशरी रंग निघेना. ते अंगठ्यानं चोळत राहिले.

"मामा," ती म्हणाली. तिनं आणखी पाणी ओतलं.

"रमलंय का, ते बघायला आल्तो मी," आप्पासाहेब म्हणाले. "खोटं कशाला बोलू? रमलेलं नसावं, असंच वाटत हुतं मनात. वाटंनं सगळं बोलायचं जुळवून आलो. अजून बी न्यावंच वाटायलंय. घर खायला उठतं, माय. भागूबाई तर रोज तिचं ताट मांडती आन् उचलून ठिवती."

"तुमी म्हनाल तसं, मामा. मी शब्द दिलाय."

"शब्द तू दिला. लेकरानं कुठं दिला?" त्यांनी धोतराच्या सोग्याला हात पुसले. "शाळेला सुट्टी लागली की धाड. दिवाळीला आठ दिस, उन्हाळ्यात महिना. उलटीची गोळी देऊन बसव. आन् मी मधी मधी येत जाईन. आता व्याही झालोय, मला कोन नको म्हंतंय?"

पूजाला हसूही आलं आणि डोळेही भरले. तिनं मान खाली घातली. शेडमधून हातोडीचा आवाज आला, मग ज्ञानेश्वरीचा, मग पुन्हा हातोडीचा. आप्पासाहेब थोडा वेळ तिकडे बघत राहिले.

"तिची कापडं भरून ठिवली असशील तू," ते म्हणाले.

"व्हय, मामा. सकाळीच."

"काढून ठेव, माय. उगं चुरगळायलेत."